कडू घासाचं बोलणं

आमच्या भागात ज्या घरी मयत होते, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. मातीवरून परतलेल्या माणसांनी कडुलिंबाचा पाला चावायचा आणि मग सोयऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या घरून आलेलं जेवायचं. याला आम्ही कडू घास म्हणतो. नाव कडू असलं तरी जेवण साधंच असतं. ज्वारीची भाकर, बेसन, कधी पातळ वरण. अडचण जेवण आणण्याची नसते. ज्या बाईच्या माणसाला लोक नुकतेच जाळून आलेत, तिच्या घशाखाली तो घास उतरवायचा कसा, ही असते. ते काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. आमच्या गावात ते मोठीआईचं होतं.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव अंजनगाव सुर्जी आणि अकोट यांच्या मधलं, आणि घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांभार (पुण्याचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ती), दिवाळीच्या तोंडावर गेंद्याची, म्हणजे झेंडूची, फुलं. मोठीआई आठवडी बाजारात दुकान लावून बसायची आणि एखाद्या गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं, की त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. तिच्या तोंडाला तिच्या सुनाही दबकून असत. पण गावात कोणाकडे काही बरंवाईट झालं की पहिला निरोप तिलाच यायचा.

मी तिला पुष्कळदा गाडीवर घेऊन गेलो आहे, म्हणून पाहिलं ते सांगतो. बाकीच्या बाया भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, देवाची मर्जी, तेवढंच आयुष्य होतं, आता लेकरांकडे पाहायचं. मोठीआई यातलं काही म्हणत नसे. ती त्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. लिंबाची दोन पानं तिच्या ओठांत द्यायची, भाकरीचा तुकडा बेसनात बुडवायची, डाव्या हातानं तिची हनुवटी धरायची आणि भांडायला आल्यासारख्या आवाजात म्हणायची, "मेला थो, तू नाई. उघड तोंड."

इतकंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, आता ही बाई हिच्या थोबाडीत मारणार. पण तसं कधी झालं नाही. दगडासारखी बसलेली बाई त्या वाक्यासरशी फुटायची. मोठीआईच्या लुगड्यात तोंड घालून हंबरडा फोडायची. मोठीआई तिला रडू द्यायची, पुरेसं रडू द्यायची, आणि मग तोच तुकडा तिच्या तोंडात घालायची. ती खायची. घास न खाता राहिलेली एकही बाई मी पाहिली नाही.

त्या वर्षांत आमच्या भागात मोठीआईचं भाकरीचं टोपलं फार वेळा निघालं. का निघालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यावर भाषणं झाली, दौरे झाले, पांढऱ्या गाड्या येऊन गेल्या. मी त्यात भर घालत नाही. मोठीआई मात्र एकाही घरी जायची राहिली नाही, आणि तिथून परत आल्यावर ती मुकाट्यानं अंघोळ करून वाफ्यात जाऊन तण निंदत बसायची. त्या दिवशी ती कोणाला शिवी देत नसे.

मी मात्र अमरावतीला गेलो. बी.एड. करून बसलो होतो, मास्तरांची भरती बंद होती, तेव्हा एका क्लासमध्ये तासावर इतिहास शिकवू लागलो. तीन वर्षं बरी गेली. मग नेट स्वस्त झालं. क्लासच्या मालकानं आधी माझे तास कॅमेऱ्यावर घेतले आणि मला वाटलं, आपली किंमत वाढली. पुढच्या वर्षी पोरांनी येणंच सोडलं. एकानं मला रस्त्यात ऑटो थांबवून प्रेमानं सांगितलं, "सर, राग नका मानू, पण मोबाइलातला सर तुमच्यापेक्षा चांगला शिकवते. अन् फुकट." मला राग आला नाही. खरं होतं ते. मीही त्या सराला पाहूनच तयारी करत होतो.

माझा एक कॉलेजातला मित्र होता. अकोटला त्याच्या घरचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून पंचक्रोशीतल्या हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेले. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हीची खिचडी. त्याचीही तीच गत झाली होती. लग्नात आता नवरदेवाचा साळाच मोबाइल धरून उभा राहायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सोयऱ्यांकडे लग्न पोचलेलं असायचं. स्टुडिओत झेरॉक्स मशीन आलं होतं. आम्ही दोघं रिकामे, त्याच्याकडे कॅमेरा, माझ्याकडे जीभ. मोबाइलनं आमच्या पोटावर पाय दिला होता, आणि आम्ही त्याच मोबाइलच्या पाया पडायचं ठरवलं. चॅनल काढलं.

वर्षभर कोणी कुत्रं फिरकलं नाही. मी इतिहासावर बोललो, शेतीवर बोललो, शुद्ध मराठीत, शर्ट खोचून. पाहणारे आमचे आम्हीच. मग एके दिवशी गावी आमच्या अंगणात शूटिंग चालू असताना मोठीआई वाफ्यातून आली आणि तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर मित्र पाय देऊन उभा आहे, हे तिनं पाहिलं. पुढची चार मिनिटं ती जे बोलली ते सगळं कॅमेऱ्यात आलं. मित्रानं ते गंमत म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या तालुक्यात ते ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर होतं, आणि आठवडाभरात पुण्या-मुंबईहून लोक खाली लिहू लागले, किती गोड आजी, हसून हसून मेलो, वऱ्हाडी भाषा म्हणजे टेन्शन खल्लास.

मला त्या शब्दांची चटक लागली, हे कबूल करतो. आयुष्यभर आमच्या बोलण्याला लोक नाक मुरडत आले. पुण्याला मुलाखतीला गेलो तर 'मले' म्हटल्यावर समोरचा माणूस ओठ चावून हसला होता. आता तेच लोक तेच बोलणं मागून मागून ऐकत होते. मला वाटलं, आपण जिंकलो. ते तेव्हाही हसतच होते आणि आताही हसतच होते, फरक इतकाच की आता हसण्यासाठी मी त्यांना बोलावत होतो. हे समजायला मला फार उशीर लागला. आमच्या बोलण्यातला खडबडीतपणा म्हणजे विनोद, हे त्यांचं मत होतं. ते मी त्यांच्याकडून उसनं घेतलं आणि घरी आणलं.

मोठीआई बाजारात दुकान लावायची ती आता अंगणात बाज टाकून बसू लागली. मी लिहायचो, ती बोलायची. तिला पाठ करावं लागत नसे. विषय सांगितला की झालं. गॅस महागला, सून मोबाइल पाहते, जावई रुसला. तिला या सगळ्याची गंमत वाटायची आणि थोडं नवलही. "हे लोकं स्वतःच्या घरची बुढी सोडून माह्यं तोंड कायले पाह्यतात?" असं तिनं मला एकदा विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या असं बोलत नाहीत. "मंग थ्या भांडतात कशा?" ती म्हणाली, आणि हेही आम्ही टाकलं. तेही चाललं.

पण लोकांचं पोट भरत नाही. महिनाभर तेच दिलं की आकडा खाली येतो, आणि आकडा खाली आला की तो चॅनल कोणाला दिसेनासाच होतो. कोण ठरवतं ते कोणालाच माहीत नाही. मी रोज सकाळी उठून आधी तो आकडा पाहत असे. उतरलेला दिसला की दिवसभर तोंडाला चव नसायची. असाच एकदा उतरला होता तेव्हा मला ते वाक्य आठवलं. मला ते आठवू नये असं काहीतरी माझ्यात असायला हवं होतं, ते नव्हतं.

प्रसंग असा लिहिला की, नातवाचा मोबाइल विहिरीत पडतो, नातू अन्नपाणी सोडून बसतो, आणि आजी भाकरीचा तुकडा घेऊन त्याची हनुवटी धरते. मोठीआईनं ऐकलं आणि उठून उभी राहिली.

"हे नाई बोलत मी."

"काहून?"

"थे मौतीच्या घरचं बोलणं हाये. तथीच बोलतात. घरी, हसतखेळत नाई बोलत."

"मोठीआई, हे खोटं-खोटं हाये ना सगळं."

"तोंड त खरं हाये."

मित्रानंही कॅमेरा खाली घेतला. "रहने दे बे," तो म्हणाला, "दूसरा कुछ लिख." पण मी हट्टाला पेटलो होतो. मी तिला काय काय म्हणालो ते आज आठवलं की मान खाली जाते. तिशी उलटली, नोकरी नाही, मुलगी कोणी देत नाही, हे एकच चालून राहिलं तर तुम्ही त्यातही खोडा घाला.  मोठीआई बाजेवर बसली. "तुह्यं भलं होत असन त बोलतो बाप्पा," म्हणाली, आणि एका दमात बोलली. दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही. तिनं ते खरंच म्हटलं होतं, तिला दुसऱ्या तऱ्हेनं म्हणता येत नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं चाललं.

किती चाललं ते काय सांगू. त्या तीन सेकंदांचा आवाज लोकांनी कापून घेतला आणि त्यावर आपापली तोंडं हलवली. कोणाची क्रिकेटची टीम हरली, कोणाचं लफडं मोडलं, कोणाची मोटरसायकल बंद पडली, सगळ्यांच्या खाली मोठीआई. मेला थो, तू नाई. वरातीत डीजेवाल्यानं त्याला ठेका लावला आणि अंजनगावच्या चौकात पोरं त्यावर नाचली. मी स्वतः त्या वरातीत होतो आणि मी मोबाइल काढून ते नाचणं रेकॉर्ड केलं, कारण त्याचाही एक व्हिडिओ होणार होता. मोठीआई बाजारात गेली की पोरी तिच्यासोबत फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, आजी, म्हणा ना एकदा. ती म्हणत नसे. तिच्यासाठी ते तिथल्या तिथे संपलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

मग कपाशीच्या फवारणीचे दिवस आले. आमच्या मागच्या गल्लीतला एक पोरगा दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, बायको अकोटकडची, बावीस-तेवीसची असेल. उन्हातान्हात फवारणी करून आला, संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना. अकोल्याला नेलं. तिसऱ्या दिवशी गेला. मी तेव्हा गावातच होतो. निरोप आला तेव्हा मोठीआई भाकरीच थापत होती. तिनं आणखी पीठ घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. माणसं मातीवरून येऊन अंगणात बसली होती, बाया आत. ती पोरगी मधल्या खोलीत भिंतीशी बसली होती, डोळे कोरडे, समोर कुठंतरी लागलेले. सासू बाजूला आडवी पडून कण्हत होती. मी दाराशी टोपलं खाली ठेवून तिथंच उभा राहिलो. मोठीआई नेहमीसारखी गेली, गुडघ्याला गुडघा लावून बसली, लिंबाची पानं दिली, तुकडा बुडवला, हनुवटी धरली.

"मेला थो, तू नाई. उघड तोंड."

मागून कोणीतरी खुदकन् हसलं. एक तरुण पाहुणी होती, तिनं लगेच पदर तोंडात धरला. पण तेवढं पुरलं. दुसरी हसली. आणि मग ती पोरगी हसली. ओठ आवळून धरले होते तिनं, पण आतून हसू आलं आणि बाहेर पडलं, मोठ्यानं, आणि थांबेना. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मोठीआईचा हात घासासकट तसाच हवेत राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला अजून कळलंच नव्हतं की हे कशानं झालं.

खिडकीशी मयताचा चुलतभाऊ मोबाइल धरून उभा होता. मातीचं रेकॉर्डिंग तो सकाळपासून करत होता, दुबईच्या कोण्या सोयऱ्याला दाखवायला.

आणि आता जे लिहितो ते मी आजवर मित्रालासुद्धा सांगितलेलं नाही. तो हशा झाला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की अजून चालतंय म्हणजे हे. दुसरा विचार माणसाचा होता, पण तो दुसरा होता.

संध्याकाळी मोठीआई ओट्यावर बसून मला म्हणाली, "काढ थे." मी म्हटलं, काढतो. आणि काढलं नाही. मी स्वतःला कारणं दिली. आत्ता काढलं तर उलट बोभाटा होईल. लोक विसरतील. एका दिवसाचा प्रश्न आहे. खरं कारण एवढंच होतं की चॅनलवर लोक त्याच एका व्हिडिओमुळे येत होते, आणि ते गेलं तर मी पुन्हा तासावर इतिहास शिकवणारा, पोरं नसलेला मास्तर होतो.

तिकडे चुलतभावाचं रेकॉर्डिंग दुबईला गेलं आणि दुबईहून सगळीकडे गेलं. कोणीतरी त्यातलं अर्धं मिनिट कापलं, वर लिहिलं, नवऱ्याच्या मयतीत बायको हसली, आणि पुढे तीन हसरी तोंडं. मोठीआईचं वाक्य त्यातून कापलेलं होतं. नुसतं हसणं. खाली लोकांनी काय लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. आमच्या मराठी माणसाला बाईबद्दल किती घाण लिहिता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं की हा व्हिडिओ आमच्या नियमांत बसतो, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

सासूनं ते पाहिलं. कोणी दाखवलं असेल ते असो. तेरवी होताच तिनं सुनेच्या भावाला बोलावून घेतलं आणि त्याला ओट्यावरूनच सांगितलं, "माह्या पोराच्या मातीवर हसली हे. घेऊन जाय." मूल नव्हतं. अडवायला कोणी नव्हतं. पोरगी एका पिशवीनिशी गाडीवर बसून अकोटकडे गेली आणि तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं, हासरी.

मोठीआई दुसऱ्या दिवशी त्या घरी गेली. मला म्हणाली, चाल. आयुष्यात तिनं अशी कितीतरी भांडणं मिटवली होती. तिनं एकदा सांगितलं की माणसं ऐकायची, कारण ती कोणाचं उधार-उसनवार बोलत नसे. ती सासूसमोर बसली आणि म्हणाली, "बाई, थे हसली नाई. म्या शंभर बाया पाह्यल्या, मले समजते. थिले रडूच आलं होतं, थे बाहीर येताना असं आलं. त्याचा दोष थिच्यावर नको घालू. घालाचा त माह्यावर घाल."

सासूनं काही म्हणायच्या आत चुलतभाऊ दारातून म्हणाला, "आजी, हे पण शूटिंगच हाये का? कॅमेरा कुठी लपवला?" आणि त्यानं खरोखर माझ्या हातांकडे, माझ्या खिशाकडे पाहिलं. अंगणातले दोघं-तिघं हसले. सासूसुद्धा, मी शपथेवर सांगतो, सासूच्या ओठाचा कोपराही जरा हलला. मोठीआईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ती पुन्हा बोलू लागली, तर ते आणखी हसले. तिचं बोलणंच आता हसायचं होतं, ती काहीही बोलली असती तरी. ती उठली. एवढ्या वर्षांत कोणाच्या अंगणातून तिला असं उठून येताना मी पाहिलं नव्हतं.

मित्र अकोटहून आला. त्याला सगळं कळलं होतं. स्टुडिओच्या झेरॉक्स मशीनजवळ त्यानं मला उभं केलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "अपने घर की मय्यत बेच रहे अपुन. निकाल दे." तरीही मी आणखी काही दिवस काढले. सगळा मिळून दीड महिना गेला. मग एका सकाळी आकडा पुन्हा उतरलेला दिसला, आणि मी तो व्हिडिओ काढून टाकला. पश्चात्तापानं काढला असं मी लोकांना सांगतो. तो चालायचा थांबला होता, हे सांगत नाही.

त्यानंतर गावात तीन-चार मयती झाल्या. मोठीआई भाकरी करायची, टोपलं भरायची आणि दुसऱ्या कोणा बाईच्या हाती पाठवून द्यायची. स्वतः जात नसे. जी बाई जायची ती टोपलं ठेवून यायची. खाल्लं का, म्हणून मोठीआई विचारायची, आणि ती बाई म्हणायची, ठेवलं हाये, खाईन. पुष्कळदा टोपलं तसंच परत यायचं. मोठीआई त्या भाकरी गाईपुढे टाकायची.

थंडी सुरू झाली तेव्हा ती एकदम म्हणाली, "थ्या पोरीकडे चाल." पिशवीत वांगी घेतली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मी गाडी काढली. अकोटच्या अलीकडे एका वस्तीत पोरीच्या भावाचं घर होतं. ती ओसरीत कापूस वेचायच्या फडक्यांच्या गाठोड्याशी बसली होती, दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जाऊन आली होती. आम्हाला पाहून ती उठली, मोठीआईच्या पाया पडली. मला वाटलं होतं ती तोंड फिरवील. फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मोठीआईनं इकडचंतिकडचं विचारलं नाही. "त्या दिशी तुले माह्या बोलण्याचं हसू आलं का व?" म्हणाली.

"नाई आजी," ती म्हणाली, "तुमचं नाई. त्याचं आलं."

आणि तिनं सांगितलं. पोळ्याच्या आधी त्यांच्या घरचं मिक्सर जळलं होतं. ती रुसून बसली होती, तर नवऱ्यानं तिची ओढणी डोक्यावरून घेतली, तिच्यासमोर बसून भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि मोठीआईच्या आवाजावर ओठ हलवले. दोघांनी मिळून ते टाकलं होतं. "तुमी माह्यी हनुवटी धरली ना, तसा थो दिसला मले. ओढणी घेतलेला. मले वाटलं, आत्ता हसीन अन् थो बी हसन. अन् मंग थांबताच नाई आलं." हे ती अगदी सरळ आवाजात बोलली. तिनं हे सासरी सांगितलं का, असं मी विचारलं. कोणाला सांगू, ती म्हणाली.

मग तिनं मोबाइल आणला. काच तडकलेली होती. त्यात तो पोरगा होता, लाल ओढणी घेतलेला, दाढी वाढलेली, डोळे वटारून ओठ हलवत होता. शेवटी त्याला स्वतःलाच हसू फुटतं आणि चित्र हलतं. पण सगळं मुकं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आवाज उपलब्ध नाही.

"याले आवाज होता पहिले," ती म्हणाली. "मंग एक दिवस गेला. भावाले दाखवलं, त्याले बी समजलं नाई. दादा, तुमाले समजते ना यातलं? लावून देता का?"

मला समजत होतं. मूळ व्हिडिओ काढून टाकला की त्याच्यावर लोकांनी केलेल्या सगळ्या रीलांचा आवाज जातो. मी काढला तेव्हा मला हे माहीत होतं. कोणाकोणाचा आवाज जाईल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी तिथंच मित्राला फोन लावला. त्याच्याकडे मूळ रेकॉर्डिंग होतं, पण ते पुन्हा टाकलं तर तो नवा आवाज होणार होता, जुन्याला तो जोडला जात नाही.

"मीच काढला थो," मी म्हणालो.

"काहून काढला दादा?"

 तिनं जरा वाट पाहिली. मग ती मोठीआईकडे वळली आणि मोबाइल तिच्यापुढे धरून म्हणाली, "आजी, तुमी बोला ना. मी हे लावतो, तुमी वरून बोला. एकच डाव."

तिनं लावलं. पडद्यावर त्या पोराचे ओठ हलू लागले. मोठीआईनं मोबाइलकडे पाहिलं, त्याच्या ओठांकडे पाहिलं, तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. पोरीनं दुसऱ्यांदा लावलं. मोठीआईची मान हलत राहिली.

"मले नाई येत व आता थे," ती म्हणाली. "तोंडातून नाई निंगत."

पोरीनं मोबाइल पालथा ठेवला आणि चहा ठेवायला आत गेली. मोठीआई पिशवीतली वांगी एकेक काढून ओसरीवर मांडत बसली. मी बाहेर गाडीजवळ आलो, माझा मोबाइल काढला आणि मयतीत हसल्याचा तो व्हिडिओ शोधला. शोधावा लागला नाही, पहिलाच आला. तो होता. त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता.